वाघ बसस्टँडच्या शेजारी राहतो

छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलेल्या माणसाला वाघ बघायचा असेल, तर रिक्षा करावी लागत नाही. जालना, बीड, सिल्लोड, पैठण, वैजापूर, कुठूनही लाल गाडीनं यावं, पिशवी खांद्याला अडकवावी आणि पायीच सिद्धार्थ उद्यानाचं फाटक गाठावं. आत बाग आहे, बुद्धाची मूर्ती आहे, मुलांचे पाळणे आणि झुकझुक गाडी आहे, आणि त्याच आवारात महापालिकेचं प्राणिसंग्रहालय आहे. मराठवाड्यातल्या कितीतरी माणसांनी आयुष्यातला पहिला वाघ इथे पाहिलेला आहे. अनेकांच्या बाबतीत तोच शेवटचाही.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘एका दिवसाची सुटी’ हा विषय दिला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हेच ठिकाण आलं. मुक्कामाच्या सहली करणाऱ्यांबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं. ज्यांची सहल सकाळच्या एसटीनं सुरू होते आणि संध्याकाळच्या एसटीनं संपते, त्यांच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हिवाळ्यात, शाळांच्या सहली निघतात त्या दिवसांत, मी इथे येऊन बसू लागले. आणखी एक कारण होतं. शहराबाहेर मिटमिट्याला मोठं सफारी पार्क उभं करण्याचं काम चाललं आहे आणि इथले प्राणी तिकडे न्यायचे आहेत. ते जायलाच हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मग बसस्टँडवर उतरणाऱ्या माणसाचं काय?

कामाला आलेली माणसं

इथे येणारे पुष्कळ लोक मुळात सहलीला निघालेलेच नसतात. कुणी कोर्टाच्या तारखेला आलेलं असतं, कुणी कॉलेजच्या दाखल्यासाठी, कुणी लग्नाचा बस्ता बांधायला. आणि घाटीत आलेले तर असतातच. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला इथे सगळे ‘घाटी’च म्हणतात. काम दुपारपर्यंत उरकतं, परतीची गाडी संध्याकाळी असते, आणि मधले तीन-चार तास हातात उरतात. त्या उरलेल्या तासांत या बागेतली सहल घडते.

अंबड तालुक्यातून आलेलं एक कुटुंब मला असंच भेटलं. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्याची तपासणी होती. आजीसोबत मुलगा, सून, त्यांची दोन लेकरं आणि धाकट्या दिराची एक मुलगी. डॉक्टरांनी डोळा चांगला आहे म्हणून सांगितलं, तेव्हा मुलांनी वाघाचा विषय काढला. आजीनं लगेच होकार दिला. हिरवा चष्मा सावरत ती मला म्हणाली, “डोळा नवा करून दिलाय माय सरकारनं. मग त्यानं बी काही नवं बघावं की!”

हिरवळीच्या कडेला सूनबाईंनी फडकं पसरलं. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, कांदा. जेवता जेवता घरातल्या कर्त्या माणसानं हिशेब मांडला, तोही मुलांच्या देखत, मोठ्यानं. बागेचं तिकीट झालं. वाघाचं तिकीट सगळ्यांचं. त्यानंतर प्रत्येक लेकराला एकच खेळ, कुठला ते ज्यानं त्यानं ठरवायचं. आणि सगळ्यांनी मिळून आगगाडी, कारण तीत आजीलाही बसता येतं. मुलांनी हे बिनतक्रार मान्य केलं. बागेत शिरणं स्वस्त असतं. खिसा हलका होतो तो पाळण्यांपाशी. म्हणून कुठल्या पाळण्यात बसायचं याची चर्चा त्या मुलांनी जितक्या गांभीर्यानं केली, तितक्या गांभीर्यानं मी मोठ्या माणसांनाही खरेदी करताना पाहिलेलं नाही. खोपोलीजवळच्या इमॅजिकासारख्या पार्कात एका माणसाच्या तिकिटाला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात या सहा जणांचा प्रवास, जेवण आणि करमणूक धरून अख्खा दिवस होतो.

शाळांच्या सहलींची गोष्ट याहून थोडी वेगळी. एसटीच्या ‘प्रासंगिक करारा’वर घेतलेल्या गाड्या रांगेनं उभ्या राहतात आणि त्यांतून एकमेकांचे हात धरलेली गणवेशातली मुलं उतरतात. वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा आणि शेवटी सिद्धार्थ उद्यान, असा त्यांचा क्रम. शिक्षकांना विचारलं, की मुलांना सगळ्यात जास्त काय आवडतं, तर उत्तर देताना ते जरा संकोचतात. कैलास लेण्यापुढं मुलं दमलेली असतात. इथे पोचल्यावर तीच मुलं पळत सुटतात. मला यात संकोचण्यासारखं काही वाटत नाही. दहा वर्षांच्या मुलाला दगडातला हत्ती आणि जिवंत वाघ यांतलं एक निवडायला सांगितलं, तर ते वाघच निवडणार.

तोल सांभाळून भरलेला पाळणा

पाळणे चालवणारी माणसं बहुधा जत्रेच्या धंद्यातून आलेली असतात. त्यांच्यातल्या एकानं मला आकाशपाळणा कसा भरतात ते दाखवलं. बघणाऱ्याला वाटतं, रांगेत पुढे असेल त्याला आधी बसवतात. तसं नसतं. एका डब्यात माणसं बसवली, की चाक अर्धा फेरा फिरवून बरोबर समोरचा डबा खाली आणायचा आणि तो भरायचा. मग पाव फेरा, मग पुन्हा समोरचा. असं नाही केलं तर एक बाजू जड होते, मोटारीवर ताण येतो आणि ब्रेक लावल्यावरही चाक ओढ घेतं. माणसांची वजनं तो नुसत्या नजरेनं जोखतो. “दोन जाडी माणसं आली, की त्यांच्यासमोर तीन बारकी लेकरं आन् एक माय,” असं त्यानं समजावलं. पट्टा, कडी, खिळा हे सगळं सकाळी रिकामा पाळणा फिरवताना कानानं तपासायचं, कारण ढिला झालेला नट आधी आवाज करतो.

झुकझुक गाडीचा हिशेब आणखी वेगळा. ती इतकी सावकाश जाते, की शेजारून पळणारं मूल तिला मागे टाकतं. पण तिच्यात बसलेलं मूल मागे राहिल्यासारखं दिसत नाही. मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसतात. वळणावर सगळे एका बाजूला झुकतात, झुकायची काही गरज नसताना. अंबडच्या आजी पुढच्या डब्यात बसल्या होत्या. आगगाडीत बसण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. अंबडच्या माणसाला एसटी जवळची. रेल्वे गाठायची तर आधी जालन्याला जावं लागतं, आणि जालन्याहून रेल्वेनं कुठे जायचं काम त्यांना आयुष्यात पडलं नव्हतं.

शांतता आणि गाणी

आता या जागेतली खरी अडचण. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. १९९१ च्या दुरुस्तीनं त्यात प्राणिसंग्रहालयांसाठी वेगळं प्रकरण आलं आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. त्या प्रकरणातलं ३८-जे हे कलम प्रत्येक पालकानं वाचावं असं आहे. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला चिडवणं, इजा करणं, खायला घालणं, आवारात कचरा टाकणं हे तर त्यात निषिद्ध आहेच. पण आवाज करून प्राण्यांच्या शांततेचा भंग करणंही निषिद्ध आहे.

आणि या बागेत पाळण्यांची गाणी, आगगाडीची शिट्टी, पिपाण्या आणि शेजारच्या रस्त्यावरचे एसटीचे हॉर्न सतत चालू असतात. इथे चुकतंय ते कुण्या एका माणसाचं नाही. मुलांना खेळायला गलका लागतो, वाघाला जगायला आडोसा लागतो, आणि या दोघांना एका कुंपणात बसवलं, की एकाच्या गरजेवर दुसऱ्याची गरज कुरघोडी करणार हे ठरलेलं. ही बाग आखली गेली, तेव्हाची शहरं प्राण्यांकडे बागेची शोभा म्हणून बघत होती. कारंजं, गुलाबाचे वाफे, पाळणे आणि वाघ, असं ते एका ओळीत मांडलेलं असे.

वाघ दिवसाचा बराच वेळ झोपतो. त्याच्या जागेपणाच्या वेळा संध्याकाळ, रात्र आणि पहाट. लोक येतात भर दुपारी. अंबडच्या धाकट्या पोरानं जाळीपुढं उभं राहून विचारलं, “आजे, ह्यो कामून उठंना?” आजीऐवजी बापानंच उत्तर दिलं, “रातभर जागलंय ते. आपल्या मोत्यासारखंच.” एवढ्यानं पोराचं समाधान झालं. घरातल्या कुत्र्याची रात्रपाळी त्याला माहीत होती. पण शेजारच्या घोळक्यातले तरुण शिट्ट्या मारत होते, टाळ्या वाजवत होते. सुरक्षारक्षक त्यांना हटकून पुढे गेला, की लगेच दुसरा घोळका सुरू होई.

वाघ उठतो तेव्हा काय करतो, तेही नीट बघायला हवं. तो जाळीच्या कडेनं चालत जातो, ठरलेल्या जागी वळतो, परत येतो, त्याच जागी वळतो. लोक खूश होतात, मोबाइल वर करतात. पण ही चाल फिरायला निघालेल्या जनावराची नाही. बंदिवासातल्या प्राण्यात दिसणाऱ्या या वर्तनावर जगभर अभ्यास झालेला आहे. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या संशोधकांनी २००३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की जंगलात ज्या मांसाहारी प्राण्यांचा वावर जितका विस्तीर्ण, तितकं त्यांचं पिंजऱ्यात असं येरझाऱ्या घालण्याचं प्रमाण जास्त. वाघाचा मुलूख चौरस किलोमीटरमध्ये मोजायचा असतो. आपल्या नियमांत वाघाच्या जोडीसाठी उघड्या आवाराचं किमान क्षेत्र एक हजार चौरस मीटर ठरलं आहे, म्हणजे पाव एकर. चितळांच्या जोडीला दीड हजार. हे ‘किमान’ आहे, पुरेसं नव्हे, आणि शहराच्या पोटातल्या बागांना तेवढं देतानाही ओढाताण होते.

सिद्धार्थ उद्यानात तर वाघांची पैदास उत्तम होत आली. बछडे जन्मले की वर्तमानपत्रांत फोटो येतात, बारशासारखी नावं ठेवली जातात. वाघ वाढतात, जागा तेवढीच राहते. मग देवाणघेवाण होते. मुंबईच्या राणीच्या बागेत फेब्रुवारी २०२० मध्ये आलेली शक्ती आणि करिश्मा ही जोडी इथलीच. जागेच्या अपुरेपणावर केंद्रीय प्राधिकरणानं वेळोवेळी बोट ठेवलं आणि त्यातूनच मिटमिट्याच्या सफारी पार्काला जोर आला.

पांढऱ्याचं कुळ

सगळ्यांत जास्त गर्दी पांढऱ्या वाघापाशी. मी तिथे लोकांचं बोलणं ऐकत उभी राहिले. बहुतेकांना वाटत होतं, की हा बर्फाच्या मुलुखातला वाघ आहे. एक आजोबा नातीला सांगत होते, की म्हातारा झाल्यावर वाघ पांढरा होतो. एका शिक्षकांनी मुलांना ‘ही वेगळी प्रजाती’ म्हणून वहीत लिहायला सांगितलं.

पांढरा वाघ आपल्याच वाघांतला. अंगातल्या पिवळ्या-नारिंगी रंगाला आवरणारा एक जनुकीय बदल आई आणि बाप दोघांकडून आला, तरच पिल्लू पांढरं होतं. २०१३ मध्ये हा बदल कुठल्या जनुकात आहे तेही संशोधकांनी शोधून काढलं. मध्य भारताच्या जंगलांत असे वाघ क्वचित जन्मत. मे १९५१ मध्ये रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी असा एक बछडा पकडला, त्याचं नाव मोहन ठेवलं आणि गोविंदगढच्या वाड्यात तो वाढवला. मोहनची आधी बेगम नावाच्या साध्या वाघिणीशी जोडी लावली. बछडे सगळे पिवळे निघाले. मग त्यांतल्याच राधाशी, म्हणजे त्याच्या स्वतःच्या मुलीशी, त्याची जोडी लावली. १९५८ मध्ये चार पांढरे बछडे झाले. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतल्या पांढऱ्या वाघांचा वंश बहुतांशी इथून सुरू होतो.

रंग टिकवायचा म्हणून पुढेही नात्यातल्या नात्यात जोड्या लावत गेले. त्याची किंमत या वाघांनी दिली. तिरळे डोळे हे तिचं सहज दिसणारं रूप. डोळ्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची जुळणीच या वाघांत वेगळी असते. जंगलात पांढरा वाघ लपू शकत नाही. म्हणून त्याची पैदास करून वाघांचं संवर्धन होतं असं म्हणता येत नाही; लोकांना तो आवडतो, एवढंच त्यामागचं कारण. लोकांना आवडणं हे वाईट नाही. पण ज्या नातीला आजोबा चुकीचं सांगत होते, तिला ही राधा-मोहनची गोष्ट ठळक अक्षरांत, सोप्या मराठीत, जाळीसमोर वाचायला मिळावी. गोष्ट इतकी विलक्षण आहे, की मुलं ती विसरणार नाहीत.

सर्पालयात बाप बोलू लागतो

वाघापुढं सगळेच पाहुणे असतात. सर्पालयात शिरल्यावर मात्र चित्र पालटतं. अंबडचे ते गृहस्थ तिथवर फार बोलत नव्हते. शहरात आलेल्या खेड्यातल्या माणसाचा एक अवघडलेपणा असतो, तो त्यांच्या चालण्यात होता. काचेमागचा पहिला साप दिसला आणि तो अवघडलेपणा गेला. “ही घोणस. उसात असती. कुकराची शिट्टी व्हावी तसा आवाज काढती, त्यो आवाज आला की पाय जागीच ठेवायचा.” दुसऱ्या काचेशी, “ह्यो मण्यार. अंगावर पांढरे आडवे पट्टे बघ. ह्यो रातचा अंथरुणात येतो. चावला तर कळत बी नाही.” मुलं बापाकडे बघत होती. आसपासची दोन-तीन शहरी कुटुंबंही त्यांच्याभोवती जमली. एका बाईंनी विचारलं, “भाऊ, हा धामण का नाग?” आणि त्यांनी फण्याशिवाय दोन्ही कसे ओळखायचे ते सांगितलं.

मण्यारीबद्दल ते बोलले ते वैद्यकशास्त्राला धरून होतं. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार रात्री चावते, दंश दुखत नाही, सूज येत नाही, आणि पहाटे माणसाला श्वास घेता येईनासा होतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर उतारा म्हणून आपल्याकडे एकच लस दिली जाते. सापाचं विष अगदी थोड्या थोड्या मात्रेत घोड्यांना टोचतात, घोड्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात आणि त्या रक्तापासून लस बनते. मुंबईची हाफकिन संस्था हे काम करत आली आहे. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या घरात ही माहिती वाघाच्या माहितीपेक्षा कितीतरी जास्त उपयोगाची. ज्या घाटीतून हे कुटुंब आलं होतं, त्याच घाटीत पावसाळ्यात सर्पदंशाचे रुग्ण आणले जातात. सूनबाई हळूच म्हणाल्या, “आमच्या शेजारच्याला मांत्रिकाकडं नेलं व्हतं.” पुढचं त्यांनी सांगितलं नाही.

छोट्या प्राणिसंग्रहालयाचा उपयोग काय, असं मला कुणी विचारलं, तर मी सर्पालयातली ती दहा मिनिटं सांगेन. बाप लेकरांना शिकवत होता, शहर खेड्याकडून शिकत होतं, आणि त्या ज्ञानानं कुणाचा तरी जीव वाचू शकतो.

भिंतीमागचा दिवस

बघणाऱ्याला पिंजऱ्याची पुढची बाजू दिसते. खरं काम मागे चालतं. आवाराच्या पाठीमागे प्रत्येक वाघासाठी कोठडी असते; नियमाप्रमाणे तिची लांबी किमान पावणेतीन मीटर, रुंदी एक मीटर ऐंशी सेंटिमीटर आणि उंची तीन मीटर. आवार आणि कोठडी यांच्यामध्ये वर-खाली किंवा आडवं सरकणारं दार, आणि ते दार ओढायची साखळी पलीकडच्या बोळात. या धंद्यातला पहिला नियम असा, की वाघ आणि माणूस एकाच जागेत कधीही असता कामा नयेत. वाघ आत कोठडीत असेल तेव्हा माणूस बाहेर आवार झाडतो. वाघ बाहेर गेला, दार पडलं, कुलूप लागलं आणि ते हातानं ओढून बघितलं, की मग माणूस कोठडी धुतो. ओढून बघायचं विसरणारा माणूस या कामात टिकत नाही.

वाघाला संध्याकाळी आत बोलवायचं, तर जेवण आतच ठेवायचं. मोठ्या वाघाला दिवसाला आठ-दहा किलो मांस लागतं, बहुतेक म्हशीचं, हाडासकट. आठवड्यातून एक दिवस उपास, कारण जंगलातही त्याला रोज शिकार मिळत नाही आणि रिकामं पोट पचनाला बरं असतं. कोण किती खातो, कोणी हाड तसंच सोडलं, विष्ठा कशी आहे, याची रोज नोंद होते. आजारी वाघ आपलं दुखणं लपवतो. त्याचं ताट मात्र लपवत नाही, असं एका जुन्या केअरटेकरनं मला सांगितलं.

मांस किती तपासून घ्यावं लागतं, याचा धडा महाराष्ट्रानं अलीकडेच घेतला. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू आढळला. तेव्हापासून खाटकाकडून येणारं प्रत्येक खोकं प्रत्येक प्राणिसंग्रहालयात संशयानं उघडलं जातं.

मराठवाड्याचा उन्हाळा ही आणखी एक परीक्षा. एप्रिल-मेमध्ये कोठड्यांना कूलर लावतात, जाळीवर ओली पोती टाकतात, हरणांच्या आवारात पाण्याचे फवारे सोडतात, हौद पुन्हा पुन्हा भरतात. ज्या शहरात माणसांना नळाचं पाणी आठवड्यानं येतं, तिथे प्राण्यांचे हौद भरलेले ठेवणं ही कामगारांची रोजची लढाई असते, आणि ते ती निमूटपणे लढतात. इथल्या वाघांचं आयुष्य या माणसांच्या हाती आहे. त्यांच्यातली कितीतरी कंत्राटी आहेत. नव्या सफारीच्या चित्रफितींत जिपा आणि जिराफ दिसतात. ही माणसंही दिसायला हवीत.

पुण्यानं हे आधी केलं

प्राणी आणि पाळणे वेगळे करण्याचं काम पुण्यानं पंचवीस वर्षांपूर्वी केलं. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता आणि सवाई माधवरावांना प्राण्यांचा मोठा नाद. तिथल्या गेंड्याचं गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकारानं १७९० मध्ये काढलेलं चित्र आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. पुढे त्याच परिसरात, तळ्यातल्या गणपतीला लागून, पुणे महापालिकेनं १९५३ मध्ये पेशवे पार्क उभारलं. ८ एप्रिल १९५६ रोजी तिथे फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी धावू लागली. वाघ, हत्ती, माकडं आणि फुलराणी हे सगळं पुण्यातल्या मुलांना एका फेरीत मिळत असे.

१९९९ मध्ये प्राणी कात्रजला गेले. तिथे तळं धरून १३० एकरांची जागा, आणि शेजारी नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकारातून १९८६ मध्ये सुरू झालेलं सर्पोद्यान. वाघांना खंदकाआडची मोकळी आवारं मिळाली, झाडं मिळाली, लपायला गवत मिळालं. पाळणे नेले नाहीत. कात्रजला गाणी वाजत नाहीत. फुलराणी पेशवे पार्कातच राहिली. तिच्यात बसणाऱ्या मुलांचा आनंद वाघ नाही म्हणून कमी झाल्याचं मला तरी कधी जाणवलं नाही.

पण पुण्याच्या या यशातली जी गोष्ट कुणी मोजत नाही, ती बसची आहे. कात्रजच्या उद्यानाचं फाटक पुणे-सातारा रस्त्यावर आहे. स्वारगेटला एसटीतून उतरायचं आणि शहर बस धरायची. बस जवळजवळ फाटकाशी सोडते. २००६ मध्ये देशातली पहिली प्रायोगिक बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेवरची बससेवा, सुरू झाली, तिच्यातला एक मार्ग नेमका कात्रज-स्वारगेटचा. त्यामुळे भोर, सासवड, दौंडकडून आलेला माणूस प्राण्यांपासून तुटला नाही. उद्यान शहराच्या टोकाला गेलं, तरी ते रस्त्यावर राहिलं.

मिटमिट्याची बस

मिटमिटा शहराच्या पश्चिमेला, पडेगाव ओलांडून, दौलताबाद-वेरूळच्या रस्त्यावर आहे. मी तिकडे गेले. डोंगर जवळ आहेत, वारं मोकळं आहे, बसस्टँडचा एकही हॉर्न तिथवर पोचत नाही. वाघांसाठी ही जागा चांगली आहे. इथे वाघाला लपता येईल, आणि लपलेला वाघ दिसेपर्यंत मुलांना वाट बघावी लागेल. ती वाट बघणं मुलांच्या फायद्याचंच आहे.

पण सफारी म्हणजे तिकीट, शिवाय आतल्या गाडीचं भाडं, शिवाय शहरातून तिथवर जायचा आणि यायचा खर्च. गाडीवाल्या पर्यटकाला हे तीन आकडे एकत्र करावे लागत नाहीत. तो वेरूळला जाता जाता थांबेल. अंबडच्या गृहस्थांना मात्र सहा माणसांसाठी तिन्ही आकडे करावे लागतील. रिक्षा सांगितली, तर एका फेरीत सगळे मावणारही नाहीत.

महापालिकेला हे अवघड नाही. शहरात स्मार्ट बस धावते आहे. सफारीच्या फाटकाचा एक थांबा आणि मध्यवर्ती बसस्थानकावरून सुटणारी, वेळ पाळणारी बस, एवढ्यानं निम्मं काम होईल. प्राण्यांच्या तिकिटातच बसभाडं धरावं. घाटीचा केसपेपर दाखवणाऱ्या घराला सवलत द्यावी. आजारी माणसासोबत आलेल्या लेकरांचा दिवस त्यानं सुधारेल. आजीसारख्यांसाठी फाटकापासून गाडीपर्यंत चाकाची खुर्ची हवी. आणि सर्पालय मात्र इथेच, सिद्धार्थ उद्यानात, झुकझुक गाडीच्या शेजारी राहू द्यावं, असं माझं ठाम मत आहे. सापांना पाव एकर लागत नाही, तापमान राखलेली खोली लागते, आणि शेतकरी उतरतो तो बसस्टँडवर.

अंबडची परतीची गाडी साडेपाचची होती. त्या दिवशी त्या कुटुंबानं पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत पाळण्यांत मुलं झुलवली आणि तरी ती गाठली. मिटमिट्याहून तीच गाडी गाठायची, तर सफारीच्या फाटकावरून एक बस साडेचारच्या आधी सुटली पाहिजे, तिच्या मागे आणखी एक हवी, आणि दोन्हींचं वेळापत्रक एसटीच्या वेळापत्रकाशेजारी, स्थानकातल्या त्याच फळ्यावर लावलेलं हवं.